पाखरांचं डिक्टेशन

मॅट्रिक झाल्यावर मी दीड वर्ष मुलुंड स्टेशनजवळच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासला जात होते. एकोणीसशे पंचावन्न-छप्पन्न साल असावं. मुलुंड तेव्हा मुंबईत की ठाण्यात, हे आम्हा राहणाऱ्यांनाच नीट सांगता येत नसे. पत्रावर काय लिहायचं यावरून घरात वाद व्हायचे. माझा वेग मिनिटाला शंभर शब्दांवर गेला होता, पण नोकरी लागत नव्हती. मुलाखतीला बोलावणं आलं की वडील अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर यायचे. परत येताना फोर्टातल्या त्या उंच जिन्यांवरून आम्ही दोघं एकामागे एक उतरायचो.

एक दिवस क्लासच्या मास्तरांनी मला थांबवून घेतलं. डोंगराच्या बाजूला शेवटच्या बंगल्यात जंगल खात्यातले एक निवृत्त साहेब राहतात, त्यांना रोज सकाळी दोन तास लिहून घ्यायला कोणीतरी हवंय, म्हणाले. मुलगी असली तरी चालेल, घरात बायको असते. कसलं लिखाण, ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. आठवणी लिहीत असतील, किंवा सरकारशी पेन्शनचा पत्रव्यवहार असेल, असं वडिलांनी ठरवून टाकलं, आणि पहिल्या दिवशी ते मला फाटकापर्यंत पोचवून गेले.

फेब्रुवारी संपत आला होता. सात वाजले होते. साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. उंच, रापलेले, खाकी अर्धी चड्डी आणि वर घरात विणलेला स्वेटर. त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली आणि वही उघडायला सांगितली. मला ते "तुम्ही" म्हणाले. तोवर मला कोणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी आधी मागे वळून पाहिलं.

मी वहीवर तारीख घातली, पेन्सिल टेकवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ते बागेकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, मजकूर जुळवत असतील. मग त्यांनी एकदम विचारलं, "किती झालं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"का?"

"तुम्ही अजून काही सांगितलं नाहीत."

"मी कशाला सांगू? तो सांगतोय ना मघापासून."

त्यांनी जास्वंदीकडे बोट दाखवलं. मी जास्वंदीमागे माणूस शोधला. तिथे कोणी नव्हतं. पानांत एक इवलंसं हिरवट पाखरू शेपटी उभी करून बसलं होतं, आणि त्याचा गळा थडथड उडत होता. शिंपी. त्याचा आवाज मी जन्मापासून ऐकत होते, पण तो कोणी लिहून घ्यायला सांगेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"तो काय म्हणतोय ते लिहा," साहेब म्हणाले. "तुमच्या मनाचं काही घालू नका. जसं ऐकू येईल तसं."

त्या दिवशी मी दोन तासांत अडीच पानं भरली आणि घरी येऊन वडिलांना सांगितलं की माणूस चांगला वाटतो, पण डोक्याचं सांगता येत नाही. वडील म्हणाले, उद्यापासून जाऊ नकोस. आई म्हणाली, त्यात काय एवढं? आमच्या गावाला पाखरं बोलतात ती सगळ्यांना कळतात. आई मालवणकडची. तिच्या लेखी हे काम कणीक मळण्याइतकं साधं होतं. अखेर मी गेले, कारण घरी बसून तरी काय करणार होते?

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. साहेबांनी आदल्या दिवशीचं वाचून दाखवायला सांगितलं.

शॉर्टहँडमध्ये व्यंजनांना रेघा असतात आणि स्वरांना छोटे ठिपके. वेगात लिहिताना ठिपके गाळायचे असतात, तेच तर आम्हाला शिकवलेलं. ब आणि ट एवढंच लिहिलं तरी तो बॅट, बट की बूट, हे पुढच्यामागच्या शब्दांवरून कळतं. पण पाखराच्या बोलण्याला पुढचंमागचं काय? माझ्या अडीच पानांवर बारीक बारीक तिरप्या रेघा होत्या, झाडूचे हीर सांडल्यासारख्या. त्यातली कुठली चीप, कुठली चप आणि कुठली च्युप, मला काही कळेना. मी अंदाजाने वाचलं. साहेब माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. मी लाजून तोंडावर हात नेला, तेव्हा ते जरा कडक आवाजात म्हणाले, "बोलताना तोंडावर हात घेऊ नका."

मी मनातून घाबरले. निघताना त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांना मी बाई म्हटलेलं आवडलं नव्हतं. "काकू म्हण गं," म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात सांगितलं. साहेबांना तीन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नव्हते. माणसाचं बोलणं समोरून कळे, भारद्वाजाचं घुमणं कळे, कावळा कळे. पण शिंपी, बुलबुल, नाचण ही सगळी त्यांच्यासाठी मुकी झाली होती. नुसती चोच उघडताना दिसायची. चाळीस वर्षं रानात काढलेला माणूस, मुक्कामाच्या जागी रोज संध्याकाळी वहीत पाखरांचे आवाज अक्षरांत लिहून ठेवायचा. अशा सतरा वह्या कपाटात होत्या. "तुला सांगायला त्यांना कमीपणा वाटला असेल," काकू म्हणाल्या. "मला काय, मला आधीपासून सगळी चिवचिवच ऐकू येते."

मग मी शॉर्टहँड सोडून दिलं आणि साध्या देवनागरीत लिहू लागले. मला वाटलं, आता सोपं जाईल. पण अक्षरंही पुरेनात. आपल्याकडे र्‍हस्व आहे, दीर्घ आहे, लांबवायला अवग्रह आहे, पण वर चढत जाणाऱ्या आवाजाला काय करायचं? तांबट टुक टुक म्हणतो असं सगळे म्हणतात. मी डोळे मिटून ऐकलं तर त्यात ट नव्हता आणि क सुद्धा नव्हता, पितळेवर मारल्यासारखं मधलं काहीतरी होतं. ते लिहायचं कसं? आणि दयाळ गायला लागला की एकदा म्हटलेलं पुन्हा तसंच म्हणतच नसे. मी एक ओळ लिहीपर्यंत तो चौथीवर गेलेला असे.

साहेब माझी पानं घेऊन मोठ्याने वाचायचे. "स्वी ऽ टू, स्वी ऽ टू, च्यर्र." आपल्या जाड, घोगऱ्या आवाजात, पेन्शनरी गांभीर्याने. शेजारच्या बंगल्यातली मोलकरीण कुंपणाशी उभी राहून बघायची. वाचून झालं की ते विचारायचे, च्यर्र की च्रर्र? मी सांगायचे, च्यर्र. ते मान हलवायचे आणि पुढचं पान घ्यायचे. त्यांना काय हवं होतं हे मला कळत नसे, आणि मी दिलं ते बरोबर की चूक हेही कळत नसे.

एकदा मीच विचारलं, तुमच्या वहीत काय लिहिलंय? त्यांनी कपाटातून एक वही काढून शिंप्याचं पान दाखवलं. त्यात 'टुवीट टुवीट टुवीट' असं सुरेख अक्षरात लिहिलं होतं. माझ्या पानावर 'च्युप च्युप'. दुसऱ्या दिवशी जास्वंदीत शिंपी बोलायला लागला आणि मला स्वच्छ टुवीट ऐकू आलं. मी कान झटकले, मान वळवली, पुन्हा ऐकलं. टुवीट. माझं च्युप कुठे गेलं ते सापडेना. मी साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली काकूंकडे दिली. पुन्हा मी वह्या बघायच्या नाहीत, असं ठरलं.

घरी निराळाच घोळ झाला. कवड्याची, म्हणजे होल्याची, हाक मी 'घूं घुघू घूं' अशी लिहिली आणि घरी सांगितली, तर आई हसायलाच लागली. तिच्या माहेरी कवडा म्हणतो, "पोह्ये पुरे गो, पोह्ये पुरे." एका सासुरवाशिणीची गोष्ट होती त्यात, कांडलेले पोहे कमी भरले म्हणून सासूने मारलेली, आणि मग पाखरू होऊन, पोहे पुरे भरले होते, एवढंच सांगत फिरणारी. ही गोष्ट मी लहानपणी ऐकलेली आणि विसरलेली होती. सकाळी बंगल्यात कवडा बोलला तर तो उघड उघड पोह्ये पुरे म्हणत होता. मी तसं लिहिलं.

साहेब वाचता वाचता थांबले. हे तुमच्या आईचं आहे, पक्ष्याचं नाही, म्हणाले. रागावून नाही, पण खोडून टाकलं. मला ते लागलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भाकरी थापत होती ती तशीच थापत राहिली.

"तेंका काय म्हायत?" ती म्हणाली. "आमच्या गावचो कवडो तेंनी खंय ऐकल्यानी?"

दोघंही आपापल्या जागी ठाम होते. माझ्या कानाला मात्र आता कवड्याचे दोन्ही बोल एकदम ऐकू येत, आणि खालचा नुसता आवाज काही केल्या हाती लागत नसे.

असा मार्च गेला. एप्रिलातल्या एका मंगळवारी साहेब दवाखान्यात गेले होते. काकूंनी मला थांबायला सांगितलं आणि त्या कपाट पुसायला लागल्या. वह्या काढून त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवल्या आणि आत पाणी आणायला गेल्या. सगळ्यांत वरच्या वहीत खूण म्हणून एक मोरपीस घातलेलं होतं. मी वही उघडायला नको होती. उघडली.

ते पान त्याच बंगल्याचं होतं. चार वर्षांपूर्वीची तारीख, जागा 'मागची बाजू, शेवग्याच्या पलीकडे'. नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. खाली लिहिलं होतं, 'ती ऽ रिक्, ती ऽ रिक्, तुई.' त्याखाली पुन्हा पुन्हा तारखा, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. दिसला नाही, दिसला नाही, असं प्रत्येक तारखेपुढे. कोणता पक्षी, ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. शेवटच्या तारखेपुढे होतं, 'आता ऐकू येत नाही. तो गेला, की माझे कान?'

मी वही मिटून पीस होतं तसं ठेवलं. काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढत होते.

बुधवारी सकाळी साहेब नेहमीसारखे समोर बसले होते. साडेसात झाले असतील. बंगल्याच्या मागून, शेवग्याच्या बाजूने, मला ऐकू आलं. ती ऽ रिक्, ती ऽ रिक्, तुई. दोनदा. माझा हात आपसूक चालला, आणि लिहून झाल्यावर मी कागदाकडे बघत राहिले. अक्षरं माझी होती, पण मांडणी सगळी त्यांची, अवग्रहासकट.

साहेबांनी कागद घेतला. वाचलं. मोठ्याने नाही वाचलं. मग त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूने? किती वेळा? मध्ये किती थांबला? मी सांगत गेले. ते उठून तसेच अनवाणी मागच्या बाजूला गेले आणि शेवग्याखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले. ऐकू तर येणार नव्हतं, निदान दिसेल म्हणून असेल. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. काकूंना त्यांनी शिरा करायला सांगितला. मी तो शिरा खाल्ला. साजूक तुपातला होता.

त्यानंतर दोन दिवस मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. पण काय सांगायचं, तेच ठरेना. खोटं लिहिलं असं म्हणावं, तर मी ऐकलं होतं. खरं लिहिलं असं म्हणावं, तर आदल्याच दिवशी पान वाचलं होतं. टुवीटच्या वेळी माझ्या कानांनी काय केलं ते मला माहीत होतं. रात्री अंथरुणावरही तोच सूर डोक्यात वाजायचा, आणि तिथे तर पाखरू नव्हतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, ऐकलंस ना, मग झालं. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, दुसऱ्याची वही उघडलीस कशाला?

शनिवारी सांगितलं. साहेबांसमोर नीट बसून, तोंडावर हात न घेता.

"साहेब, त्या दिवशी मी तुमची वही बघितली होती. मोरपिसाचं पान."

"कधी?"

"मंगळवारी."

"आणि लिहिलंत बुधवारी."

मी मान हलवली. ते बागेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उद्यापासून येऊ नका म्हणतील.

"ऐकलंत की नाही, एवढं सांगा."

"ऐकलं असं वाटतं. पण वाचलं नसतं तर ऐकू आलं असतं का, ते मला सांगता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मग म्हणाले, "मी ते पान इतक्यांदा वाचलंय, की डोक्यात वाजतं ते पाखरू आहे की माझंच अक्षर, हे मला कळेनासं झालंय. एकट्या त्याचं नाही, सगळ्यांचंच. म्हणून तर नवे कान बोलावले."

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. काकूंकडून किल्ली मागवून त्यांनी ती वही काढली आणि माझ्यादेखत खाली लिहिलं, 'लेखनिकेने बुधवारी दोनदा ऐकलं. आदल्या दिवशी तिने हे पान वाचलेलं होतं.' मग वही माझ्यापुढे करून विचारलं, बरोबर लिहिलंय ना? मी हो म्हटलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, चला, बुलबुल कधीचा खोळंबलाय.

मे महिन्याअखेरपर्यंत मी जात राहिले. शेवग्याच्या बाजूने पुन्हा तो आवाज आला नाही. फक्त एकदा, सकाळी बंगल्याकडे चालत जाताना, रस्त्याच्या वळणावर ती ऽ रिक् असं स्पष्ट ऐकू आलं आणि मी थबकले. तेवढ्यात मागून एक दूधवाला सायकलवरून पुढे गेला, आणि आवाजही त्याच्याबरोबर गेल्यासारखा वाटला. तो सायकलीचाच होता का? की सायकल पुढे गेली म्हणून मला तसं वाटलं? हे मी साहेबांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते आजही मला नीटसं माहीत नाही. प्रत्येक खरी-खोटी गोष्ट नोंदवून घेणाऱ्या माणसापासून मी एवढी एकच ठेवून घेतली.

जूनमध्ये मला फोर्टात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा साहेबांनी माझी सगळी पानं क्रमाने लावून, दोऱ्याने शिवून ठेवलेली दाखवली. खोडलेलं पोह्ये पुरे सुद्धा त्यात होतं, आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आईकडून. मालवण.' 

पुढे माझं लग्न झालं आणि मी अंधेरीला आले. आमच्या घरामागे तेव्हा म्हशींचा गोठा होता, आणि त्याच्या पलीकडे ताड आणि चिंचा. दोनेक वर्षांनी माहेरपणाला आले असताना मी मुद्दाम बंगल्यावर गेले. साहेब आता अगदीच बहिरे झाले होते. काकूंनी त्यांच्यासाठी शाळेतल्यासारखी पाटी आणि पेन्सिल टांगून ठेवली होती. कोणी आलं की पाटीवर लिहायचं. मी माझी खुशाली लिहिली, घरच्यांची लिहिली, पुसली. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि माझ्या घरामागे कोणकोण बोलतं, ते विचारलं.

मी कावळा लिहिला, तांबट लिहिला, दयाळ लिहिला. मग लिहिलं की पहाटे चिंचेवर कोणीतरी बोलतं, त्याचं नाव मला माहीत नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलले.

मी लिहिलं, 'पी ऽ हू.' बघितलं, तर तसं नव्हतं. पुसलं. 'ट्वी ऽ उ' लिहिलं. त्यात सुरुवातीला ट आला होता, तो त्या आवाजात नव्हता. पुसलं. 'हुई, हुई' लिहिलं, आणि ते तर अंधेरीच्या गोठ्यातल्या भय्याच्या हाकेसारखं दिसायला लागलं. साहेब प्रत्येक वेळी अक्षरं वाचून, ओठ हलवून बघत होते आणि माझ्याकडे बघून थांबत होते. त्यांना घाई नव्हती. मी ओल्या बोटाने पाटी पुन्हा पुसली, डोळे मिटले, आणि चौथ्यांदा लिहायला घेतलं तोच काकू चहा घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "अगं, आधी चहा घे, निवेल."